काटा वर येत नाही: थंड चालणाऱ्या ट्रक इंजिनाचं निदान

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर गेला की प्रत्येक ड्रायव्हरचा एक डोळा टेम्परेचरच्या काट्यावर असतो. काटा थोडा चढला की गाडी बाजूला, केबिन वर, आणि मिस्त्रीला फोन. तोच काटा डिसेंबर-जानेवारीत खालीच पडून राहिला तर मात्र कोणी काही विचारत नाही. उलट इंजिन थंड आहे म्हणजे सुखात आहे, असा समज. मी वडकीजवळ, नागपूर-हैदराबाद हायवेवर ट्रकचं काम करतो. जिनिंगच्या गठाणी नेणाऱ्या, वणीचा कोळसा नेणाऱ्या गाड्या माझ्याकडे येतात, आणि हिवाळ्यात त्यातल्या कितीतरी गाड्यांचं दुखणं हेच असतं. ड्रायव्हर येतो दुसऱ्याच तक्रारीने. ॲव्हरेज पडलं, सकाळी पांढरा धूर निघतो, ऑइल लवकर खराब होतं. काट्याबद्दल विचारलं की म्हणतो, "काटा तर चढूनच नाही राहिला भाऊ, गाडी एकदम थंडी आहे." आणि हे तो कौतुकाने सांगतो.

म्हणून हे लिहितो आहे. स्वतः गाडी चालवणारे मालक, नवे मिस्त्री, दोघांनाही यातलं बरंचसं स्वतः तपासता येतं.

थंड म्हणजे नेमकं किती?

बहुतेक ट्रकच्या डिझेल इंजिनात, गाडी भरलेली आणि रस्त्यावर चालती असताना, पाणी साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. इंजिनाची रचनाच त्या तापमानाला धरून असते. पिस्टन त्या गरमीला फुगून लायनरमध्ये बरोबर बसतो, ऑइल तेवढं पातळ होतं, डिझेलचा फवारा नीट जळतो. हेच इंजिन तासन्‌तास ६०-६५ वर चाललं तर अर्धवट जळलेलं डिझेल लायनरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि रिंगांच्या बाजूने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. जळताना जी वाफ तयार होते तिचंही खाली पाणी होतं, कारण ते उडून जाण्याइतकं ऑइल तापतच नाही. डिझेल, पाणी आणि जळणातून आलेलं आम्ल असं सगळं मिसळलेलं ऑइल मग बेअरिंगला जातं. झीज लगेच दिसत नाही, म्हणूनच मला या बिघाडाची जास्त भीती वाटते.

पण एक गोष्ट आधी समजून घ्या. डिझेल इंजिन आयडलवर फारच कमी गरमी तयार करतं. कोळसा भरायच्या रांगेत गाडी रात्रभर चालू ठेवली आणि काटा खाली उतरला, तर तो बिघाड नाही, इंजिनाचा स्वभाव आहे. रिकामी गाडी पहाटेच्या थंडीत सपाट रस्त्यावर चालत असेल आणि काटा नेहमीपेक्षा थोडा खाली असेल, तरी घाबरायचं कारण नाही. निदान करायचं ते भरलेल्या गाडीवर. लोड घेऊन १०-१५ किलोमीटर चालवल्यावरही काटा जागेवर येत नसेल, किंवा लोडवर वर येतो आणि उतार लागला की झपकन खाली पडतो, तर पुढे वाचा.

सगळ्यात आधी पाणी बघा

हे पहिलं का, तर यात चुकलात तर इंजिन जाऊ शकतं. पाणी कमी झालं की टेम्परेचरचा सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो. मग तो पाण्याचं तापमान सांगतच नाही, आजूबाजूच्या हवेचं आणि वाफेचं सांगतो. काटा खाली दिसतो आणि आत हेड तापत असतं. म्हणून काटा खाली, याचा पहिला अर्थ पाणी संपत आलंय का, हाच घ्यायचा.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडा. काटा खाली आहे म्हणून पाणी थंड आहे असं धरून गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. आपण शोधायला निघालो आहोत तो काटाच खोटा असू शकतो. पाणी कमी निघालं तर ते का कमी झालं हे शोधा, भरा, हवा काढा, आणि मग काट्याकडे पुन्हा बघा. बऱ्याचदा इथेच विषय संपतो.

इंजिन खरंच थंड आहे का?

दुसरा प्रश्न हा, आणि हा विचारल्याशिवाय एकही बोल्ट खोलू नका. काटा खोटा की इंजिन थंड, हे वेगळं केल्याशिवाय वॉल (थर्मोस्टॅट, रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा-सोडणारा भाग) बदलणं म्हणजे मालकाचे पैसे वाया घालवणं.

इन्फ्रारेड टेम्परेचर गन आता स्वस्तात मिळते, ती घ्या. पण वापरायची कशी हे नीट समजून घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती मारली तर आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो, कारण चमकदार धातू स्वतःची गरमी नीट दाखवत नाही. इंजिन थंड असतानाच वॉलच्या घराजवळ काळ्या इन्सुलेशन टेपचा रुपयाएवढा तुकडा चिकटवा, आणि मग गाडी चालवून आल्यावर गन जवळ नेऊन त्या टेपवर मारा. होजच्या, म्हणजे पाण्याच्या पाइपच्या, काळ्या रबरावरही आकडा ठीक येतो, फक्त रबराच्या जाडीमुळे आतल्या पाण्यापेक्षा काही अंश कमी दिसतो हे लक्षात ठेवा.

टेपवर ८०-८५ आणि काटा तळाला असेल, तर इंजिन ठणठणीत आहे. दोष सेन्सर, वायर किंवा मीटरचा. जुन्या, एका वायरच्या सेन्सरवर तपासणी सोपी आहे. चावी ऑन करून सेन्सरची वायर काढा आणि क्षणभर बॉडीला टेकवा. बहुतेक गाड्यांत काटा सरळ वर जातो. गेला तर मीटर आणि वायर चांगले, सेन्सर खराब. नाही गेला तर वायर किंवा मीटर बघा. दोन वायरच्या, ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) जोडलेल्या सेन्सरवर हा प्रयोग करू नका. तिथे प्लग काढून मल्टिमीटरने सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा. हे सेन्सर गरम होतील तसा रेझिस्टन्स कमी करतात. अशा बऱ्याच सेन्सरवर २० अंशांना अडीच किलोओहमच्या आसपास आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास आकडा दिसतो. पाणी गरम असूनही हजारांत रेझिस्टन्स असेल तर सेन्सर बाहेर काढा.

बाहेर काढल्यावर त्याचं टोक बघा. आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड आहे, आणि रेडिएटरमध्ये तेच भरलं जातं. सेन्सरच्या पितळी टोकावर पांढरा, दगडासारखा क्षार बसतो. त्या थराखाली टोकाला गरमी पोचतच नाही. टोक साफ करून तोच सेन्सर पुन्हा बरोबर चाललेला मी पाहिला आहे. पण क्षार सेन्सरवर आहे म्हणजे तो वॉलवरही आहे, हे तिथेच ओळखा.

टेपवरही ६० आणि काट्यावरही ६०, तर काटा खरं सांगतो आहे. आता कारण शोधू.

वरचा होज काय सांगतो

ही तपासणी सकाळी, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर करायची. यासाठी पाना-पकड काहीच लागत नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे आपण ज्याला नुसतं वॉल म्हणतो, तो इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दरवाजा आहे. त्याच्या आत एका छोट्या डबीत मेण असतं. पाणी ठराविक तापमानाला पोचलं की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि दरवाजा उघडतो. तोपर्यंत पाणी इंजिनातल्या इंजिनात बायपासमधून फिरत राहतं. म्हणजे चांगल्या वॉलच्या गाडीत, सुरू केल्यावर बराच वेळ रेडिएटरला जाणारा वरचा होज थंड राहिला पाहिजे, आणि नंतर एकदम, अर्ध्या-एक मिनिटात चटका बसेल इतका तापला पाहिजे.

गाडी सुरू करा, हजार-बाराशे आरपीएमवर ठेवा आणि अधूनमधून होजला हात लावा. पंखा आणि बेल्टपासून हात, बाही, गळ्यातला दुपट्टा लांब ठेवा. थंडीच्या दिवसांत ड्रायव्हर लोक गळ्याला दुपट्टा गुंडाळूनच खाली उतरतात, तो आधी केबिनमध्ये ठेवायला सांगा.

होज सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, इंजिनाबरोबरच तापत गेला, तर वॉल उघडा अडकला आहे किंवा वॉल नाहीच. काही वॉलला हवा जाण्यासाठी बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असते. त्यातून थोडं पाणी जातं, त्यामुळे होज अगदी किंचित कोमट लागणं चालतं.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे त्याकडे येतो. आमच्याकडे थंड इंजिनाचं सगळ्यात मोठं कारण बिघडलेला वॉल नसून काढून टाकलेला वॉल आहे. एप्रिल-मेमध्ये गाडी तापते, कोणीतरी हायवेवर सल्ला देतो, "वॉल काढून टाक ना राजा, पाणी खुल्लं फिरते," आणि वॉल निघतो. तो परत कोणी बसवत नाही. मालक बदलतो, ड्रायव्हर बदलतो, आणि पुढच्या हिवाळ्यात गाडी माझ्याकडे येते तेव्हा वॉलचं घर उघडलं तर आत रिकामं.

वॉल काढल्याने उन्हाळ्यातही फायदा होत नाही, आणि त्याचं कारण यंत्रातच आहे. बऱ्याच ट्रक इंजिनांच्या वॉलला खाली दुसरी चकती असते. वरचा दरवाजा उघडताना ती चकती बायपासचं तोंड बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. वॉल काढला की बायपासचं तोंड कायमचं उघडं राहतं. पाण्याचा एक वाटा रेडिएटरला न जाता गरमागरम तसाच पुन्हा इंजिनात फिरतो. जानेवारीत रिकाम्या गाडीला उरलेलं पाणीच जास्तीचं थंड करतं, म्हणून काटा खाली. आणि मे महिन्यात भरलेल्या गाडीला तेच पाणी पुरत नाही, म्हणून काटा वर. एकाच गाडीची दोन्ही दुखणी एका काढलेल्या वॉलमुळे.

वॉल बाहेर काढून उकळून बघा

इंजिन थंड असताना पाणी वॉलच्या पातळीखाली उतरवा, घर खोला. वॉल निघाल्यावर पहिल्यांदा तो उजेडासमोर धरा. खोलीच्या तापमानाला चकती सीटवर पूर्ण बसलेली हवी. कडेने उजेडाची फट दिसली तर तो उघडाच राहतो आहे. फटीत क्षाराचा खडा, गंजाची पापडी किंवा मागच्या मिस्त्रीने लावलेल्या पॅकिंग-शेलॅकचा तुकडा अडकलेला सापडतो.

फट दिसली नाही तरी उकळून बघा. घरच्या पातेल्यात करू नका, त्या पाण्यात कूलंटचं विष उतरतं. गॅरेजचाच एक डबा घ्या. वॉलच्या चकतीत दोरा अडकवा आणि वॉल पाण्यात असा लोंबकळता ठेवा की तो तळाला टेकणार नाही, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. बाजूला थर्मामीटरही तसाच लोंबता ठेवा. आच मध्यम ठेवा, पाणी हलवत राहा. दोरा चकतीतच दाबला गेलेला असल्यामुळे चकती जरा जरी उघडली तरी वॉल दोऱ्यावरून निसटून खाली पडतो. तो पडला त्या क्षणी थर्मामीटर वाचा. तेच उघडायचं तापमान.

वॉलच्या कडेवर त्याचा आकडा कोरलेला असतो, ८२, ८३ वगैरे. त्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे चालेल. ८२ चा वॉल ६५-७० लाच उघडला तर मेणाची डबी गेली. त्यानंतर पाणी आणखी तापवून तो पूर्ण उघडतो का, आणि डबा उतरवून थंड होऊ दिल्यावर परत घट्ट बंद होतो का, हेही बघा. उघडतो पण बंद होत नाही, असे वॉल सगळ्यात जास्त सापडतात, आणि घाईत तपासणारा त्यांना पास करतो.

नवा वॉल आणताना जुना बरोबर न्या. आकडा, व्यास आणि खालची बायपासची चकती, तिन्ही जुळलं पाहिजे. स्वस्तातला वॉल वरून सारखा दिसतो पण खाली चकतीच नसते. काही इंजिनांत दोन वॉल असतात, तिथे दोन्ही बदला. बसवताना मेणाची डबी आणि स्प्रिंग इंजिनाकडे, हवेची पिन असेल तर वरच्या बाजूला. सीट खरवडून साफ करा, नवीन पॅकिंग किंवा ओ-रिंग टाका, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे कसत या. ॲल्युमिनियमचं घर एका बाजूने कसलं की तडकतं.

पाणी भरताना बोअरचं भरू नका. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्मं, किंवा तयार मिसळलेलं कूलंट. हळूहळू भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून. इंजिन चालू करून वॉल उघडेपर्यंत थांबा, पातळी उतरेल, पुन्हा भरा.

वॉल चांगला निघाला तर पंखा

विस्कस पंख्याचा, म्हणजे गरजेपुरताच जोरात फिरणाऱ्या पंख्याचा, क्लच जाम झाला की पंखा पूर्ण वेळ इंजिनाच्या वेगाने फिरतो. सकाळी सुरू केल्यावर पहिली एक-दोन मिनिटं पंख्याचा मोठा आवाज येणं नॉर्मल आहे, आतलं सिलिकॉन ऑइल जागेवर यायला वेळ लागतो. त्यानंतरही रेस दिली की विमानासारखी घरघर येत राहिली तर संशय घ्या. इंजिन बंद, चावी खिशात, मग पंखा हाताने फिरवा. थोड्या अडकावाने फिरायला हवा. अजिबात वेगळा फिरत नसेल तर क्लच जाम. क्लचला वेल्डिंगचा टाका किंवा आरपार बोल्ट मारलेलाही सापडतो. तोही उन्हाळ्यातलाच इलाज. मात्र नुसत्या पंख्याने इंजिन फार थंड पडत नाही, कारण चांगला वॉल पाणी रेडिएटरला जाऊच देत नाही. तरी डिझेल तो नक्की खातो, म्हणून दुरुस्त करा.

रेडिएटरसमोर पोतं किंवा पुठ्ठा बांधणं, हा इलाज नाही. काटा वर येतो हे खरं, पण समोर इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) असतो, त्याचीही हवा अडते, आणि दुपारी ऊन चढल्यावर पोतं काढायचं राहून जातं. तपासणीपुरता पुठ्ठा लावून बघायला हरकत नाही. पुठ्ठ्याने तापमान भराभर चढलं, तर पाणी नको तेव्हा रेडिएटरला जातंय हे पक्कं झालं.

ऑइल बघितल्याशिवाय काम संपत नाही

गाडी महिनोन्‌महिने थंड चालली असेल तर डिपस्टिक काढा. पातळी खुणेच्या वर गेली असेल, आणि ऑइल कोणी टाकलेलं नसेल, तर ते डिझेल आहे. बोटांवर चोळा, पातळ लागेल. वास घ्या. एक थेंब टिपकागदावर किंवा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सोडून काही तास ठेवा. मधे काळा डाग आणि त्याच्या बाहेर फिकट, तेलकट कडं पसरलं तर डिझेल उतरलं आहे. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळसर मलई असेल तर ते वाफेचं पाणी. पण त्याच वेळी रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासा, ती वेगळी गोष्ट आहे. वॉल बदलला आणि ऑइल तेच ठेवलं तर झीज चालूच राहते. ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदला. डिझेलचा फवारा मारणारं नोझल टपकत असेल तरीही ऑइलमध्ये डिझेल उतरतं, त्यामुळे नव्या वॉलनंतर पातळी पुन्हा वाढली तर नोझल उतरवून तपासायला द्या.

बीएस-सहा गाड्यांना, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या, हे दुखणं जास्त महागात पडतं. पाणी पुरेसं गरम नसेल तर डीपीएफची (धुरातली काजळी धरणाऱ्या फिल्टरची) सफाई, रिजनरेशन, सुरूच होत नाही. काजळी साठते, दिवा लागतो, पिकअप जातो, आणि मालक डीपीएफ धुवायला पळतो. स्कॅनर लावला की पी०१२८ किंवा एसपीएन ११० चा कोड सापडतो का ते आधी बघा. दोन्ही पाण्याच्या तापमानाबद्दल बोलतात. लाइव्ह डेटात पाण्याचं तापमान उघडं ठेवून गाडी लोडवर चालवा. वॉलच्या आकड्याजवळ जाऊन ते तिथेच थोडं खालीवर होत राहिलं तर ठीक.

आणि वॉल बसवून दिल्यावर मालक विचारतोच, "मग उन्हाळ्यात गाडी तापली तर?" तापली तर तापण्याचं कारण काढा. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये ते बहुतेक वेळा डोळ्यासमोरच असतं. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत रुई, धूळ आणि ऑइल मिळून नमद्यासारखा थर बसलेला असतो. समोरून बघितलं तर जाळी साफ दिसते. दोघांच्या मधला रस्ता मोकळा करा, पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हवा मारा, प्रेशर बेताचं ठेवा म्हणजे पत्रे वाकणार नाहीत. बेल्टचा ताण आणि रेडिएटरच्या झाकणाचा रबर बघा. हे काम मार्च लागायच्या आत, कापसाचा हंगाम उतरताना करून घ्या.